मासळीच्या गाडीची हब मोटर: कोल्हापुरात बसून मिठानं खाल्लेली

कोल्हापुरात इलेक्ट्रिक गाडीची मोटर मिठानं गेली असं सांगितलं की लोक हसतात. समुद्र कुठं, आपण कुठं. आंबा घाट उतरून पार रत्नागिरीला जावं लागतं नाहीतर गगनबावड्यावरनं खाली मालवणकडं, तिथला खारा वारा काय घाट चढून येत नाही, आणि परदेशात थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात तसलाही प्रकार आपल्याकडं नाही. मग मीठ येतं कुठनं? तर रोज पहाटे येतं, मासळीच्या क्रेटमधनं, बर्फाच्या पाण्यात विरघळून. हे प्रकरण अशाच एका गाडीचं आहे आणि जरा सविस्तर लिहितोय, कारण दुरुस्ती सोपी होती पण बिघाड का झाला हे कळायला डोकं लावावं लागलं, आणि बाहेर ह्या विषयावर जे सल्ले मिळतात त्यातले निम्मे उलटे पडणारे आहेत.

आमचं काम मुळात मोटर रिवाइंडिंगचं. उद्यमनगरात निम्म्या गल्ल्या लेथ आणि फाउंड्रीवाल्यांच्या, त्यात आमच्यासारखी वाइंडिंगची दुकानं, पूर्वी सगळं शेतीपंपाचं काम असायचं आणि आता इलेक्ट्रिक गाड्यांच्या हब मोटर, म्हणजे चाकातच बसवलेल्या मोटर पण येतात. गाडी एका मावशींची. तांबडा-पांढऱ्याच्या गावात समुद्राचे मासे विकून घर चालवणं म्हणजे खायचं काम नाही, पण त्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे, काही घरं आणि दोन-तीन खानावळी. पोरगा पहाटे माल उचलतो, मागच्या कॅरियरवर थर्माकोलचा बॉक्स आणि त्यावर प्लास्टिकचं क्रेट, सकाळभर फिरायचं, मग दुपारपर्यंत एका जागी उभं राहून उरलेला माल काढायचा. गाडी २५० वॅटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरची, म्हणजे पासिंग-लायसनची भानगड नसलेली, मागच्या चाकातच मोटर.

तक्रार अशी की चावी लावून थ्रॉटल पिळला की गाडी जागच्या जागी गचके देते, घर्र घर्र करते, पुढं जात नाही. पायानं ढकलून जरा वेग दिला की मग बरी पळते. सिग्नलला थांबली की परत तेच. आमच्याकडं यायच्या आधी एका दुकानात कंट्रोलर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला हिशोबात सोडणारा डबा, बदलून झाला होता, पैसे गेले आणि गचके तसेच राहिले. ह्या लक्षणाला कंट्रोलर बदलणं ही फार कॉमन घाई आहे. ढकलल्यावर पळते म्हणजे फेज वायर (मोटरला वीज नेणाऱ्या जाड वायरी) आणि कंट्रोलरची पॉवर बाजू बहुतेक ठीक आहे, उभ्या स्थितीत चाक नेमकं कुठं आहे ते कंट्रोलरला कळत नाहीये, आणि ते कळवायचं काम मोटरमधल्या तीन हॉल सेन्सरचं. एक जरी गेला तरी सुरुवातीला गाडी गोंधळते.

मावशींचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. "आरं बाबा, पुरात न्हाई, पावसात न्हाई, गाडी तीन महिनं बोळात ताडपत्रीखाली हुती. उभ्या उभ्या कशी काय बिघडली?"

हा प्रश्न एकदम बरोबर होता. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्यानंतर श्रावण, मग गणपती, गिऱ्हाईक मासे घेतच नाही. त्यामुळं जूनच्या सुरुवातीला गाडी धुवायची म्हणून वरवर पाणी मारलं आणि ताडपत्री घालून बोळात लावली ती गणपती गेल्यावरच बाहेर काढली. लावताना चांगली चालत होती. काढली तेव्हा गचके. बॅटरी उतरली असेल म्हणून चार्ज केली, मग कंट्रोलर, मग आमच्याकडं.

तपासणी

आधी हॉलच्या वायरी. पाच असतात, लाल आणि काळ्यावर ५ व्होल्ट, बाकी पिवळी, हिरवी, निळी सिग्नलच्या. कनेक्टर जोडलेला ठेवून चावी सुरू करायची, मल्टिमीटरची काळी पिन काळ्या वायरला, लाल पिन एकेका सिग्नलला, आणि चाक हातानं अगदी सावकाश फिरवायचं. रीडिंग शून्याजवळ, मग पाचजवळ, परत शून्याजवळ असं हललं पाहिजे. हिरवी आणि निळी हलत होत्या, पिवळी पाचवरच चिकटून. शिवाय लाल-काळ्यावरचे पाचही पूर्ण मिळत नव्हते, साडेचारच्या आसपास येत होते, म्हणजे आत कुठंतरी लीकेज आहे. साधा सेन्सर मेला असता तर एवढं खाली आलं नसतं, इथंच ओलाव्याचा वास आला.

मग कंट्रोलर पूर्ण सोडवून फेज वायर आणि ॲक्सलमध्ये ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावला. इथं एक गोष्ट ठळक सांगतो, मेगर फक्त जाड फेज वायरींना लावायचा, हॉलच्या बारीक वायरींना चुकूनही नाही, नाहीतर जिवंत असलेले सेन्सर पण जागेवर मरतील. चांगल्या कोरड्या मोटरला रीडिंग कैक मेगाओममध्ये असतं, शंभरच्या वर पण जातं. इथं एकाच्याही खाली. नुसता मल्टिमीटर लावून वाइंडिंग बघणारे इथं फसतात कारण फेज-टू-फेज रेझिस्टन्स मुळातच इतका कमी असतो की मीटर सगळं "ठीक" दाखवतो.

चाक हातानं फिरवलं की एका जागी बारीक खरखर होती, ती बेअरिंगची का आतल्या घासणीची ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

उघडल्यावर

ॲक्सलचं नट सुटता सुटेना. गंजानं धरलेलं नट घट्ट वाटतं पण तो घट्टपणा फसवा असतो, ॲक्सलला फिरू न देणारा आतला टॉर्क वॉशर झिजून ॲक्सल हलायला लागला की वायरी पिळून तुटतात, तर नट सोडताना वॉशर पण बघून घ्यायचा. रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइल सोडून ठेवलं तेव्हा निघालं. साइड कव्हरला पाच एमएमचे बोल्ट होते, त्यातले निम्मे कुणीतरी मधे कधीतरी स्टेनलेसचे टाकलेले, चांगल्या मनानंच टाकले असणार की गंजणार नाहीत म्हणून. बोल्ट खरंच गंजले नव्हते. त्यांच्याभोवतीचं ॲल्युमिनियम मात्र पांढऱ्या पावडरीत बदललं होतं. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी म्हणजे सेल तयार होतो, आणि त्यात ॲल्युमिनियम स्वतःला खाऊ घालतं. दोन बोल्टांचे आटे कव्हरसकट बाहेर आले.

कव्हर काढायला पुलरच लावायचा. मॅग्नेट इतके ताकदवान असतात की रोटर (मॅग्नेट बसवलेला फिरणारा भाग) एकदम सरकून आदळतो आणि मधे बोट असलं तर बोट जातं, हे मी भीती घालायला सांगत नाही.

आतलं चित्र असं. स्टेटरच्या, म्हणजे वाइंडिंग असलेल्या स्थिर भागाच्या, दातांवर तपकिरी थर, एका बाजूला जास्त, आणि त्या थरातले पापुद्रे सुटून गॅपमध्ये अडकलेले, खरखर त्याचीच. स्टेटर आणि मॅग्नेटमधली फट एक मिलिमीटरच्याही आत असते, गंज तर लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, मग घासणारच. हॉल सेन्सरच्या पायांवर हिरवी बुरशी आल्यासारखं, तांब्याचे क्षार ते, आणि पिवळ्या वायरच्या सेन्सरचा एक पाय तर खाऊन तुटलेला. मॅग्नेटपैकी दोन-तिघांच्या कोपऱ्याला निकेलचं प्लेटिंग फुगून आलं होतं. निओडिमियम मॅग्नेटचं दुखणं हेच की वरनं चकचकीत दिसतो पण प्लेटिंगला एक चीर पडली की आतला दाणेदार धातू भराभर ऑक्सिडाइज होतो आणि काळपट पावडर होऊन झडतो. ती पावडर परत चुंबकालाच चिकटते, जात नाही कुठं.

पाणी मात्र नव्हतं. एक थेंब नाही. आमच्याच पोरानं विचारलं की पाणीच नाही तर गंज कसा. आता ह्यावर जरा थांबतो कारण सगळं प्रकरण ह्यातच आहे.

मीठ जागं कधी होतं

आमच्याकडं २०१९ च्या पंचगंगेच्या महापुरानंतर नदीकाठच्या पंपाच्या मोटरी ढिगानं आल्या, चिखलानं भरलेल्या. दिसायला ह्या हब मोटरपेक्षा शंभरपट वाईट. पण त्यातल्या बऱ्याचशा धुऊन, ओव्हनमध्ये वाळवून, व्हार्निश मारून परत चालल्या, कारण नदीचं पाणी घाण असलं तरी गोडं असतं, वाळलं की विषय संपला. खाऱ्या पाण्याचं तसं नाही. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, क्रेटमधलं पाणी बर्फानं पातळ झालेलं असलं तरी रोज थोडं थोडं येत राहिलं की थर साचतो.

आणि ते साचलेलं मीठ हवेतली वाफ ओढतं. साध्या मिठाला हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की ते आपोआप पाणी धरून ओलं होतं, पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं ते ह्याचमुळं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड पण असतं, त्याला तर ३३ टक्के पण पुरतात. म्हणजे उन्हाळ्यात सुद्धा ते सहसा पूर्ण कोरडं होत नाही, आणि जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हवा कशी असते ते आपल्याला माहितीये, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. त्यात ताडपत्री, खाली ओला बोळ. मोटर रोज चालत होती तोवर गरम होऊन आतला ओलावा जरा तरी उडत होता. उभी राहिली आणि तीन महिने सलग ओली राहिली, पावसाचा थेंब अंगावर न पडता. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर हे, गाडी उभी होती तरी बिघडली असं नाही, उभी होती म्हणूनच बिघडली.

दुसरी एक वाईट गोष्ट क्लोराइडची, ते गंजण्यात खर्च होत नाही. लोखंडाशी जोडलं जातं, मग पाण्यात परत सुटतं, परत पुढच्या लोखंडाला लागतं. त्यामुळं थोडं मीठ सुद्धा लई दिवस काम करतं, आणि म्हणूनच गंज घासून वरनं रंग किंवा रस्ट कन्व्हर्टर मारला की आतनं परत फुगतो. आधी मीठ बाहेर काढायचं, बाकी सगळं नंतर.

हॉल सेन्सरचा पाय एवढा का खाल्ला त्याला अजून एक कारण निघालं, ते पोराशी बोलता बोलता कळलं. दुपारी माल काढत उभा असायचा तेव्हा चावी सुरू ठेवून गाडीच्या यूएसबीवर मोबाइल चार्जिंगला लावायचा. चावी सुरू म्हणजे हॉलला ५ व्होल्ट सुरू. ओल्या मिठातनं डीसी करंट तासनतास गेला की ते सरळ इलेक्ट्रोप्लेटिंगचं टाकं झालं, फक्त उलट्या कामाचं, प्लसच्या बाजूचं तांबं विरघळत जातं. "मग आता मोबाइल कुठं लावू?" म्हणाला. पॉवर बँक घे म्हटलं.

पाणी आत शिरलं कुठनं

क्रेट बरोबर मागच्या चाकावर. थर्माकोलच्या बॉक्सला खाली भोक, पाणी साचू नये म्हणून मुद्दाम पाडलेलं, ते पाणी कॅरियरवरनं ओघळून डाव्या स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर), आणि मोटरची केबल त्याच स्विंगआर्मला चिकटवून वरनं खाली उतरत ॲक्सलमध्ये शिरलेली. पाण्याला आयती वाट. केबलवरनं ओघळ थेट पोकळ ॲक्सलच्या तोंडाशी.

त्यात मोटर श्वास घेते. चालवून गरम झाली की आतली हवा फुगून बाहेर पडते, थंड झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि तोंडाशी पाणी असलं तर हवेच्या जागी पाणी. सकाळभर फिरून तापलेली गाडी दुपारी एका जागी उभी आणि वरनं बर्फाचं गार पाणी ठिबकतंय, ह्यापेक्षा चांगली सोय मुद्दाम करायची म्हटली तरी जमणार नाही. केबलच्या आत वायरींच्या मधल्या फटीतनं सुद्धा पाणी सरकतं, बाहेरनं सीलिंग कितीही छान दिसू दे.

गाडी घेताना मोटर आयपी ६७ आहे असं सांगितलं होतं म्हणे. असेलही. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि ती टेस्ट साध्या पाण्यात होते. मिठाबद्दल तो आकडा काही बोलत नाही. त्यासाठी वेगळी सॉल्ट स्प्रे टेस्ट असते, ५ टक्के मिठाचं पाणी ३५ डिग्रीला फवारत ठेवतात, आणि ती कुठल्या पार्टला किती तास केली हे शोरूममध्ये विचारून बघा, विक्रेता तुमच्याकडंच बघत बसेल.

काय केलं

स्टेटर आणि रोटर वेगळे केले आणि दोन्ही पाण्यानं धुतले. लोकांना हे ऐकून धक्का बसतो, मोटर पाण्यानं धुतली? हो. मीठ पाण्यातच विरघळतं, पेट्रोल-थिनरमध्ये नाही. बोअरचं पाणी नको, त्यातच क्षार असतात, आरओचं किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. आणि किती धुवायचं हे अंदाजानं ठरवायचं नाही, आरओवाल्याकडं तो पेनसारखा टीडीएस मीटर मिळतो, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, धुऊन खाली जमलेल्या पाण्यात तो बुडवायचा. पहिल्या पाण्याला आकडा हजारांत गेला. मग परत, परत, ताज्या पाण्याचा आकडा आणि धुतलेल्या पाण्याचा आकडा जवळजवळ सारखा येईपर्यंत. हा मीटर काही शंभर रुपयांचा आहे आणि ह्या कामात आमच्या मेगरच्या तोडीचा ठरला.

पाणी निथळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते फटीतलं पाणी घेऊन उडतं. स्टेटर आमच्या वाइंडिंगच्या ओव्हनमध्ये गेला. रोटर नाही, साधे निओडिमियम मॅग्नेट ८० डिग्रीच्या वर गेले की ताकद घालवायला लागतात आणि चिकटवलेला गोंद पण ढिला पडतो, म्हणून रोटर लाकडी खोक्यात बल्ब लावून सावकाश वाळवला. आपल्याकडं उत्साहानं हॉट एअर गन मारणारे बरेच आहेत, त्यांनी हे वाक्य परत वाचा.

स्टेटरचा गंज पितळी ब्रश आणि स्कॉचब्राइटनं हलक्या हातानं काढला. ग्राइंडर किंवा कानस लावायची नाही, स्टेटर पातळ पत्र्यांचा असतो, पत्रे एकमेकांपासून इन्सुलेट केलेले, घासून त्यांच्या कडा एकमेकांवर ओढल्या गेल्या की आपसात शॉर्ट होतात आणि मोटर विनाकारण तापते. वाइंडिंगचं इनॅमल शाबूत होतं, वाळल्यावर मेगर शंभरच्या वर गेला, त्यामुळं रिवाइंडिंगचा खर्च वाचला.

हॉल सेन्सर तिन्ही बदलले, गेलेला एकच असला तरी, कारण बाकीच्या दोघांचे पाय पण हिरवे झालेले आणि मोटर परत उघडायची मजुरी सेन्सरच्या किमतीच्या कैकपट आहे. जुने काढायच्या आधी छापील बाजू कुठं आहे त्याचा फोटो काढून ठेवायचा, उलटा बसला की सिग्नल येत नाही किंवा चुकीचा येतो आणि मग फेज वायरींची अदलाबदल करत बसा. पायांना स्लीव्ह, वरनं इपॉक्सी.

मग स्टेटरवर इन्सुलेटिंग व्हार्निश, दातांच्या तोंडावर सुद्धा पण पातळ, फट विसरायची नाही. फुगलेल्या मॅग्नेटची सैल पावडर काढून त्यावर पातळ इपॉक्सी. दोन्ही बेअरिंग नवीन, दोन्हीकडं रबर सील असलेली. कव्हरचे खराब आटे परत मारून झिंक प्लेटिंगचे बोल्ट, आट्यांना ग्रीस.

सीलिंगला सिलिकॉन लावताना एक बघायचं. हार्डवेअरच्या दुकानात जी स्वस्त ट्यूब मिळते, लावल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारी, ती वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडते, आणि बंद मोटरमध्ये ते तांब्याला लागतं. मीठ काढून ॲसिड भरल्यासारखं होईल. न्यूट्रल क्युअर लिहिलेली ट्यूब मागायची, थोडी महाग पडते.

परत होऊ नये म्हणून

सगळ्यात जास्त फरक मोटरमध्ये नाही, क्रेटखाली पडला. उद्यमनगरातनंच पत्रा वाकवून कड असलेला ट्रे करून घेतला, मागच्या कोपऱ्यात नळी, नळी एका कॅनमध्ये. पाणी चाकावर येतच नाही. मावशींना कॅन रोज ओतायचा कंटाळा होता, पण गाडीला वास मारायचा कमी झाला तेव्हापासून त्या खूश आहेत आणि तोच त्यांच्या लेखी मोठा फायदा. केबल स्विंगआर्मवरनं सोडवून ॲक्सलच्या खाली झोळ देऊन मग वर घेतली, ओघळ झोळाच्या तळाशी येऊन खाली पडतो. झोळ कुठं घासत-अडकत नाही ना हे चाक पूर्ण वर-खाली दाबून बघितलं. कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस.

धुण्याबद्दल पोराला सांगितलं ते असं. रोज काम संपल्यावर मोटर हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, मग साध्या नळाच्या पाण्यानं नाहीतर तांब्यानं वरनं पाणी सोडायचं, मीठ बाहेरच्या बाहेर जाऊ दे. प्रेशर वॉशर नाही, त्याचं पाणी बेअरिंगच्या सीलमधनं आत घुसतं. आणि सर्व्हिसिंग सेंटरवर पावसाळ्याआधी गाडीला खालनं डिझेल-ऑइल मारायची जी जुनी सवय आहे ती इलेक्ट्रिक गाडीला नको, केबलचं आवरण आणि सीलचं रबर फुगतं, ब्रेकला लागलं तर वेगळाच ताप. ज्या निळ्या-पिवळ्या डब्याच्या स्प्रेवर सगळ्यांची श्रद्धा आहे तो पाणी हटवायला चांगला, पण त्याचा थर पातळ असतो, मिठापासून महिनोनमहिने वाचवत नाही आणि बेअरिंगवर मारला तर आतलं ग्रीस पातळ करतो. बाहेरच्या नट-बोल्टला मेणासारखा थर राहणारा अँटी-रस्ट स्प्रे बरा.

मावशींच्या पाव्हण्यांपैकी एकानं सुचवलं की मोटर आतनं सगळी सिलिकॉननं भरून टाका, विषयच संपला. दुसरा म्हणाला कव्हरला भोक पाडा, पाणी आलं तर निघून जाईल. पहिलं केलं तर मोटरची उष्णता बाहेर पडणार नाही आणि पुढच्या वेळी उघडायची म्हणजे स्टेटर फेकायचाच. दुसऱ्याला अगदीच अर्थ नाही असं नाही, काही लोक करतात, पण क्रेट वर असताना भोक म्हणजे अजून एक दार, आणि चाक उभं असताना ते भोक खालीच असेल कशावरनं? मी दोन्ही केलं नाही. पूर्ण हवाबंद करायच्या मागं लागू नये असं माझं मत आहे, थोडा ओलावा येतोच, फक्त आत मीठ नसलं पाहिजे आणि धातू उघडा नसला पाहिजे.

मासेमारी बंदीच्या आधी, म्हणजे मे संपताना, गाडी आमच्याकडं आणायची असं ठरलंय. पहिल्या वर्षी आणली. बाहेरनं नीट धुऊन, ब्रेकचे पिन आणि ॲक्सल नट बघून, मेगर लावून, बॅटरी सोडवून ठेवायला सांगितली. ताडपत्री काढायला लावली, वरनं पत्रा असला की पुरे, वारा लागू दे. आठवड्यातनं एकदा चाक जमिनीवरनं उचलून मोकळं फिरवायचं. गणपतीनंतर गाडी काढली ती गचका न देता निघाली, मेगर मे महिन्यापेक्षा किंचित खाली पण शंभरच्या वरच. एका मॅग्नेटचा कोपरा मात्र अजून संशयास्पद वाटतो, कव्हर काढून बघितलं तेव्हा इपॉक्सीखाली बारीक काळी रेघ दिसत होती, तो पुढच्या उघडणीला बदलावा लागेल असं मावशींना सांगून ठेवलंय.

आणि आता ह्यातच नवीन भर. मटका कुल्फीवाल्या एकाची इलेक्ट्रिक गाडी आलीये, लक्षण तेच, गचके. तो बर्फात मुद्दाम मीठ घालतो, त्याशिवाय कुल्फी जमत नाही, आणि ते मिश्रण मासळीच्या पाण्यासारखं पातळ नसतं, अगदी गार झालं की त्यातल्या पाण्यात २३ टक्क्यांपर्यंत मीठ असतं. त्याचाही सीझन जूनला संपतो आणि गाडी पावसाळाभर उभी. मोटर अजून उघडली नाहीये, पण ट्रेचं माप आधीच घेऊन ठेवलंय, ह्या वेळी पत्र्याऐवजी प्लास्टिकचाच करणार आहे.